सात मिनिटांची चाचणी आणि सहा तासांचा उशीर

रात्री साडेदहाच्या सुमारास छातीत जडपणा जाणवू लागतो. कपाळावर घाम येतो. "संध्याकाळी काय खाल्लं होतं?" घरातले विचारतात. मग ओवा चावायला दिला जातो, सोडा आणला जातो, पित्ताची गोळी होते, पाठीला बाम चोळला जातो. थोडे बरे वाटल्यासारखे होते आणि "सकाळी दवाखान्यात जाऊ" असे ठरते. सकाळी जवळचे डॉक्टर रक्तदाब पाहतात, ॲसिडिटीचे इंजेक्शन देतात. दुपारी त्रास वाढल्यावर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी धाव घेतली जाते, ईसीजी निघतो आणि कळते, की हा हृदयविकाराचा झटका आहे आणि तो आदल्या रात्रीच आलेला आहे. महाराष्ट्रातल्या कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला ही कहाणी नवी वाटणार नाही. गावाचे नाव तेवढे बदलते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून २०२५ च्या सुरुवातीला आलेली एक बातमी या कहाणीच्या शेजारी ठेवून वाचायला हवी. तिथले संशोधक पेंग झेंग, ईशान बर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने रक्त तपासून हृदयविकाराचा झटका ओळखण्याची पद्धत विकसित केली आहे. पाच ते सात मिनिटांत निकाल मिळतो, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढे हेच तंत्र हातात मावेल अशा उपकरणात बसवता येईल, म्हणजे ते रुग्णवाहिकेत किंवा घरीसुद्धा वापरता येईल, अशी त्यांची आशा आहे.

बातमी आनंदाची आहे, विज्ञानही पक्क्या पायावर उभे आहे. तरीही एक प्रश्न विचारायला हवा. ही चाचणी जी मिनिटे वाचवणार आहे, ती नेमकी कोणाची आणि कुठली? झटक्याच्या रुग्णाचा वेळ जिथे वाया जातो, तिथे ही चाचणी पोहोचणार नसेल, तर सर्वात वेगवान चाचणीही फारसे जीव वाचवू शकणार नाही.

रक्तात काय शोधायचे असते?

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली, की तिच्या पुढच्या स्नायूंना प्राणवायू मिळेनासा होतो आणि त्यांच्या पेशी मरू लागतात. मरणाऱ्या पेशींतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात झिरपते. निरोगी माणसाच्या रक्तात ते अगदी नगण्य असते. म्हणून रक्तातले वाढलेले ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची सर्वात विश्वासार्ह खूण मानली जाते.

सध्या हे ट्रोपोनिन प्रतिपिंडांच्या मदतीने मोजतात. मोठ्या रुग्णालयांतली अतिसंवेदनशील यंत्रे रक्तातला त्याचा अत्यल्प अंशही टिपतात. पण ती महाग असतात, त्यांना प्रयोगशाळा लागते, तंत्रज्ञ लागतो, आणि नमुना पाठवणे, तपासणे, अहवाल येणे यात बराच वेळ जातो. छोट्या रुग्णालयांत कार्डावर रक्ताचे थेंब टाकून रेघ उमटते का ते पाहण्याची चाचणी असते. ती सोपी आहे, पण प्रमाण कमी असेल तर तिला काही दिसत नाही. झटक्याच्या सुरुवातीच्या तासांत प्रमाण कमीच असते.

एकदा तपासून भागत नाही, ही आणखी एक अडचण. ट्रोपोनिन वाढते आहे की स्थिर आहे, हे पाहण्यासाठी एक, दोन किंवा तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यावे लागते. या काळात रुग्ण आपत्कालीन विभागातल्या खाटेवर, नातेवाईक बाहेरच्या बाकावर आणि डॉक्टर संभ्रमात असतात.

कोलकात्यातून निघालेला किरण

बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेतल्या या चाचणीचे मूळ भारतात आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून जो परिणाम जगापुढे आला, त्यावरच ती आधारलेली आहे. याच शोधासाठी रामन यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि २८ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो.

एखाद्या पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेला बहुतेक सगळा प्रकाश त्याच रंगाचा असतो. पण साधारण कोटीत एखादा प्रकाशकण रेणूशी ऊर्जेची देवाणघेवाण करतो आणि किंचित वेगळा रंग घेऊन बाहेर पडतो. हा फरक प्रत्येक रेणूचा वेगळा असतो, बोटांच्या ठशांसारखा. त्यावरून समोर कोणता रेणू आहे ते ओळखता येते. अडचण एवढीच, की कोटीतला तो एक कण शोधणे फार अवघड असते. १९७० च्या दशकात असे लक्षात आले, की चांदीसारख्या धातूच्या खडबडीत पृष्ठभागावर हा संकेत कित्येक पटींनी बळावतो. हॉपकिन्सच्या संशोधकांनी याच वाटेने पुढे जात अतिसूक्ष्म नक्षी असलेली एक चकती तयार केली आहे. तिच्या पृष्ठभागाजवळ प्रकाशाची विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे तीव्र होतात. त्यामुळे झटक्याच्या खुणा असलेली प्रथिने अत्यल्प प्रमाणात असली तरी काही क्षणांत दिसू शकतात, असा त्यांचा दावा आहे.

प्रकाशाचा आणखी एक प्रयोग तर भारतीय रुग्णांवरच झाला आहे. मनगटावर बांधायचे एक उपकरण त्वचेतून अवरक्त किरण सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून ट्रोपोनिन वाढले आहे का, याचा संगणकाच्या मदतीने अंदाज बांधते. सुई टोचायची गरज नाही आणि वेळ लागतो पाच मिनिटे. भारतातल्या पाच रुग्णालयांतल्या दोनशेहून अधिक रुग्णांवर ते वापरले गेले. नेहमीच्या रक्तचाचणीशी ताडून पाहिल्यावर त्याचा अंदाज सुमारे ९० टक्के बरोबर आला. हे निष्कर्ष अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२३ च्या वार्षिक अधिवेशनात मांडले गेले.

तेव्हा ही विज्ञानकथा नाही. पुढच्या काही वर्षांत अशी उपकरणे बाजारात येणे शक्य आहे. ती विकणारे कोणाकडे आधी जातील, हेही सांगायला ज्योतिषी नको. पुण्या-मुंबईतली मोठी रुग्णालये ती आधी घेतील आणि "पाच मिनिटांत निदान" असे फलक लागतील.

उशीर कुठे होतो?

भारतातल्या हृदयविकाराचे वास्तव सांगणारा 'क्रिएट' हा अभ्यास २००८ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची माहिती त्यात आहे. त्यातला एक आकडा आजही बोचतो. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत लागलेला मध्यक वेळ ३६० मिनिटे होता. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. रुग्णालयात पोहोचल्यानंतर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळेपर्यंतचा मध्यक वेळ मात्र ५० मिनिटे होता.

या दोन आकड्यांतच सगळा मुद्दा आहे. रुग्णालयाच्या दाराच्या आतली ५० मिनिटे कमी करणे गरजेचे आहेच. पण दाराच्या बाहेर सहा तास गेलेले असतात. धमनी बंद राहिलेल्या प्रत्येक मिनिटाला स्नायू मरत असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. वाचलेल्या रुग्णाचे हृदयही पुढे आयुष्यभर दुबळे राहू शकते. जिना चढताना लागणारी धाप, सुटलेले काम, औषधांचा खर्च या सगळ्याची सुरुवात त्या सहा तासांत झालेली असते.

दुसरी गोष्ट निदानाचीच. धमनी पूर्ण बंद होऊन येणारा मोठा झटका बहुतेक वेळा ईसीजीवरच ओळखता येतो. त्यासाठी ट्रोपोनिनच्या अहवालाची वाट पाहू नये, लगेच उपचार सुरू करावेत, हे वैद्यकशास्त्राने कधीच ठरवून टाकले आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत निघाला पाहिजे, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. ट्रोपोनिनचा खरा उपयोग ईसीजी संदिग्ध असतो तेव्हा होतो. म्हणजे ज्या रुग्णांसाठी एकेक मिनिट सर्वात मोलाचे आहे, त्यांच्यासाठी लागणारे यंत्र शंभर वर्षांहून जुने आहे. ते किती दवाखान्यांत आहे, चालू आहे का, त्यात कागद आहे का आणि निघालेली पट्टी वाचायला कोणी आहे का, हे प्रश्न नव्या चाचणीच्या आधी विचारायला हवेत.

आणि शरीराचीही एक गती असते. पेशी मरायला आणि त्यांतले प्रथिन रक्तात उतरायला वेळ लागतो. यंत्र कितीही तेज असले, तरी रक्तात अजून न आलेले ट्रोपोनिन ते दाखवू शकत नाही. संवेदनशील चाचणी तो क्षण अलीकडे आणेल, पण त्रास सुरू झाल्यानंतर अर्ध्या तासात घेतलेला नकारात्मक निकाल म्हणजे "काही नाही, घरी जा" असा दाखला होऊ शकत नाही. पाच मिनिटांत मिळालेला खोटा दिलासा हा दोन तासांनी मिळालेल्या खऱ्या निदानापेक्षा घातक ठरेल.

अचूकतेचे गणित

"९० टक्के अचूक" हे शब्द ऐकायला भारदस्त वाटतात. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या भागातल्या दवाखान्यांत छातीत दुखते म्हणून १००० माणसे आली. बहुतेकांना पित्त, स्नायूंचे दुखणे किंवा काळजीमुळे होणारा त्रास आहे, फक्त ५० जणांना खरोखर झटका आला आहे. चाचणी आजारी माणसाला ९० टक्के वेळा आणि निरोगी माणसालाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते, असे धरू. तर ५० पैकी ४५ जण सापडतील आणि ५ जण निसटतील. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांना झटका नसतानाही चाचणी "आहे" म्हणेल. एकूण १४० जणांचा निकाल सकारात्मक येईल आणि त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश लोकांनाच खरा झटका असेल. बाकीचे अँजिओग्राफीच्या रांगेत उभे राहतील, काही जण कर्ज काढून.

मनगटावरच्या उपकरणाची पाहणी झाली ती हृदयविकाराच्या तीव्र त्रासासाठी आधीच दाखल झालेल्या रुग्णांवर. गल्लीतल्या दवाखान्यातली गर्दी अगदी वेगळी असते. शिवाय ट्रोपोनिन वाढण्याचे कारण प्रत्येक वेळी बंद झालेली धमनीच असेल असे नाही. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, तीव्र जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी, हृदयाच्या स्नायूचा दाह, इतकेच काय, मॅरेथॉन धावल्यावरही ते वाढते. उपकरण आकडा देते, निदान डॉक्टरच करतो. हा फरक विसरून उपकरण विकले गेले, तर त्याचा फायदा रुग्णापेक्षा बिलाला होईल.

प्रकाशाने शरीर तपासण्याचा एक मोठा अनुभव आपल्या गाठीशी आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही लाल आणि अवरक्त प्रकाशावरच चालतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्यामागची कल्पना मांडली. कित्येक वर्षे ते यंत्र शस्त्रक्रियागृहातच राहिले. २०२० मध्ये मात्र 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्यसेविका आणि आशाताई ते घेऊन महाराष्ट्रातल्या घराघरांत गेल्या. प्रकाशाचे उपकरण पाड्यापर्यंत पोहोचू शकते, याचा याहून चांगला पुरावा नाही. पण त्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक धक्कादायक निरीक्षण प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असतानाही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवत असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होते. अनेक दशके वापरात असलेल्या यंत्राची ही उणीव इतकी वर्षे फारशी कोणी मनावर घेतली नव्हती. त्वचेतून प्रकाश सोडणारे कोणतेही नवे उपकरण सर्व वर्णांच्या, उन्हात राबणाऱ्या आणि ताप किंवा सूज असलेल्या भारतीय रुग्णांवर तपासल्याशिवाय विकायला परवानगी देऊ नये, हा त्याचा धडा.

सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. बोटातल्या रक्ताच्या काही थेंबांत कितीतरी चाचण्या करू, असे सांगणाऱ्या 'थेरानोस' कंपनीवर अमेरिकेत अब्जावधी डॉलरची बोली लागली होती. तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल २०२२ मध्ये दोषी ठरवून अकरा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. हॉपकिन्सच्या संशोधकांची तुलना त्या कंपनीशी करणे अन्यायाचे होईल. त्यांनी आपले काम शास्त्रीय नियतकालिकात उघडपणे मांडले आहे आणि मोठ्या रुग्णगटावरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत, हेही सांगितले आहे. पण प्रयोगशाळेतून दुकानापर्यंतच्या रस्त्यात घाई कोण करते आणि का करते, यावर समाजाची नजर हवी.

व्यवस्थेने वाचवलेले जीव

नवी चाचणी हाती नसतानाही मृत्यू कमी करता येतात, हे तमिळनाडूने दाखवले आहे. तिथे छोटी रुग्णालये, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेली मोठी रुग्णालये एकमेकांना जोडली गेली. ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञाला पाठवायचा, जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे आणि मग रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायचे, अशी ती पद्धत होती. २,४२० रुग्णांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'जामा कार्डिऑलॉजी'त प्रसिद्ध झाला. जोडणीआधी वर्षभरातला मृत्युदर १७.६ टक्के होता, नंतर तो १४.२ टक्क्यांवर आला. शंभर रुग्णांमागे तीन-चार जीव वाचले, तेही जुनीच औषधे आणि जुनीच यंत्रे नीट जोडून.

'क्रिएट' अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष इथे आठवायला हवा. गरीब रुग्णांत तीस दिवसांतला मृत्युदर ८.२ टक्के होता, श्रीमंतांत ५.५ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत नाहीशी झाली. गरिबाचे हृदय अधिक दुबळे नव्हते, त्याला उपचार कमी मिळाले होते. नवी चाचणी फक्त पैसेवाल्यांच्या रुग्णालयात गेली, तर ही दरी रुंदावेल. तीच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर ती बुजू शकेल.

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि त्यात डॉक्टरची सोय आहे. म्हणजे पाया आहे. त्यावर करायची कामे स्पष्ट आहेत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि रुग्णवाहिकेत चालू ईसीजी यंत्र असावे आणि त्याची पट्टी काही मिनिटांत वाचणारा तज्ज्ञ दूरध्वनीच्या पलीकडे असावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात असावे आणि ते देण्याचा धीर तिथल्या डॉक्टरांना प्रशिक्षणातून मिळावा. प्रकाश-चाचणीची उपकरणे येतील तेव्हा त्यांची स्वतंत्र चाचणी मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागाइतकीच नंदुरबार, गडचिरोलीच्या आरोग्य केंद्रांतही व्हावी. उन्हाळ्याची उष्णता, धूळ आणि वीज जाणे हे सगळे सोसून जे उपकरण नीट चालेल, तेच सरकारने विकत घ्यावे.

पहिला उशीर मात्र घरात होतो आणि तो टाळायला कोणतेही उपकरण लागत नाही. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम, धाप, मळमळ यांपैकी काही अचानक सुरू झाले आणि काही मिनिटे टिकले, तर ते पित्त आहे हे ठरवण्याचा अधिकार घरातल्या कोणालाही नाही. मधुमेह असलेल्यांत, वृद्धांत आणि स्त्रियांत कधी कधी दुखणे नसतेच किंवा नुसता थकवा आणि धाप असते. घरातली बाई "थोडं बरं वाटत नाही" म्हणत स्वयंपाक उरकत राहते, तेव्हा तर अधिक सावध व्हायला हवे. १०८ ला फोन करावा, रुग्णाला चालवू नये, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये, आणि ईसीजी निघेल अशाच ठिकाणी न्यावे. ईसीजी ठीक निघाला तर शेदोनशे रुपये जातील आणि रात्री शांत झोप लागेल.

रामन यांच्या शोधाला २०२८ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतील. तोवर त्या प्रकाशावर चालणारी चाचणी कदाचित रुग्णवाहिकेत आलेलीही असेल. पण रुग्णवाहिका बोलवायला रात्री साडेदहाला कोणीतरी फोन उचलावा लागेल. तो सकाळी उचलला, तर पाच मिनिटांच्या चाचणीला सांगण्यासारखे फार काही उरलेले नसेल.